हिमवादळ माणसाला वाटेत गाठतं

ऑक्टोबर २०१४ मध्ये बंगालच्या उपसागरात हुदहुद नावाचं चक्रीवादळ उठलं. १२ तारखेला ते विशाखापट्टणमला धडकलं आणि शहराची पार दैना करून गेलं. जमिनीवर आलं की चक्रीवादळाचा जोर ओसरतो, तसा त्याचाही ओसरला. छत्तीसगड, आपल्या मध्य प्रदेशाचा पूर्व भाग, मग उत्तर प्रदेश असं पाऊस पाडत ते उत्तरेला सरकलं आणि बातम्यांतून उतरलं. पण समुद्रावरून उचललेलं पाणी अजून त्या ढगांत होतं. १४ तारखेला ते ढग नेपाळच्या हिमालयाला भिडले. तिथे अन्नपूर्णा परिक्रमेच्या वाटेवर थोरोंग ला ही ५,४१६ मीटर उंचीची खिंड आहे. त्या उंचीवर पावसाचा बर्फ झाला, वारा सुटला, आणि ते वादळ व त्यामुळे कोसळलेले हिमकडे यांत मिळून ४३ माणसं गेली. त्यांत नेपाळी वाटाडे होते, परदेशी ट्रेकर होते, भारतीयही होते. ऑक्टोबर हा तिथला सगळ्यात स्वच्छ हवेचा महिना, म्हणून लोक मुद्दाम तेव्हा जातात.

वादळ कुठून कुठे चाललंय हे दोन दिवस आधीपासून उघड होतं. खिंड चढणाऱ्यांपर्यंत ती खबर पोहोचली नाही. हिमवादळांचा इतिहास वाचताना ही गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. थंडी होती, बर्फ होता, हे खरं. पण माणसं बहुतेक वेळा मेली ती दोन निवाऱ्यांच्या मधे, वाटेत, कारण निघू नका हे सांगणारं त्यांना वेळेवर कुणी भेटलं नाही.

इंदूरला बर्फ पडत नाही, मग आपल्याला याचं काय, असं वाटू शकतं. पण आपल्या मराठी घरांतून दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी अमरनाथ-केदारला निघालेलं असतं, डिसेंबरच्या सुट्टीत मनालीला गाड्या जातात आणि हल्ली तरुण मुलं नेपाळच्या ट्रेकलाही जातात. म्हणून हे नीट समजून घेतलेलं बरं.

हिमवादळ म्हणजे खूप बर्फ पडणं, ही समजूत आधी बाजूला ठेवू. अमेरिकेच्या हवामान खात्याची व्याख्या अशी: वारा ताशी ५६ किलोमीटर किंवा त्याहून जास्त, उडणाऱ्या बर्फामुळे ४०० मीटरपलीकडचं दिसत नाही, आणि हे किमान तीन तास चालू. किती बर्फ पडला याचा त्यात उल्लेखच नाही. आभाळातून एक कणही पडत नसताना, आधी साचलेला भुसभुशीत बर्फ वाऱ्याने उचलला तरी हिमवादळ होतं. उलट, मुकाट्याने दिवसभर फूटभर बर्फ पडला तर ती फक्त हिमवृष्टी. मुलं त्यात खेळतात.

म्हणजे घातक काय, तर वारा आणि आंधळेपण.

आधी आंधळेपणाचं सांगते. वर आभाळ पांढरं, खाली जमीन पांढरी, मधली हवाही पांढरी. क्षितिज नाही, सावली नाही, चढ की उतार हेसुद्धा पायाला लागल्यावर कळतं. अशा वेळी आपण सरळ चाललोय असं वाटत असतं आणि पाय गोल फिरत असतात. १२ जानेवारी १८८८ रोजी अमेरिकेच्या नेब्रास्का, डाकोटा, मिनेसोटा या माळरानी भागात आलेलं वादळ यासाठीच इतिहासात राहिलं. ते शाळेच्या वेळेत आलं. सुमारे २३५ माणसं मेली आणि त्यांत शाळेतून घरी निघालेली मुलं पुष्कळ होती, म्हणून त्याला मुलांचं हिमवादळ असंही म्हणतात. नेब्रास्कातल्या प्लेनव्ह्यूजवळ लोइस रॉइस नावाची तरुण शिक्षिका तीन मुलांसह शाळेत अडकली. जळण संपलं. ती राहत होती ते घर दोनशे मीटरच्या आत होतं. मुलांना घेऊन ती निघाली आणि तेवढ्या अंतरात वाट हरवली. रात्रभर ती मुलांना कवटाळून उघड्यावर पडून होती. तिन्ही मुलं गेली. ती वाचली, पण तिचे पाय कापावे लागले.

दोनशे मीटर म्हणजे आपल्या इंदूरच्या राजवाड्यासमोरून निघून सराफ्यात शिरण्याइतकं अंतर. मला वाटतं, हिमवादळ समजायला या एका घटनेइतकं दुसरं काही पुरत नाही.

त्याच दिवशी त्याच राज्यात मिनी फ्रीमन या दुसऱ्या शिक्षिकेच्या शाळेचं छप्पर वाऱ्याने उचकटलं. तिने सगळ्या मुलांना एकत्र धरून जवळच्या शेतघरापर्यंत नेलं आणि सगळी वाचली. तिचा देशभर गौरव झाला. पण दोघींमध्ये धैर्याचा फरक नव्हता. एकीला घर सापडलं, दुसरीला नाही.

आता त्या दिवशीची मुलं कमी कपड्यांत का होती, हे पाहा, कारण त्यामागचं शास्त्र इंदूरच्या माणसाला घरबसल्या कळेल असं आहे. त्या दिवशी सकाळी हवा चक्क उबदार होती. बरेच दिवस कडाक्याची थंडी सोसून लोक वैतागले होते. ऊब आली तशी माणसं शेतावर, गोठ्याकडे, बाजारात निघाली आणि मुलं जाड कोटाशिवाय शाळेत गेली. दुपारी उत्तरेकडून थंड हवेची भिंत आली आणि काही तासांत सगळं गोठलं.

आपल्याकडे जानेवारीत मावठा येतो तेव्हा काय होतं, आठवा. भूमध्य समुद्राकडून निघालेला पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पाऊस-बर्फ आणणारं कमी दाबाचं क्षेत्र, उत्तर भारतावरून जातो. तो यायच्या आधी आपल्याकडे आभाळ भरतं, वारा दक्षिणेचा होतो, रात्री रजई नकोशी वाटते. "थंडी गेली हो यंदा लवकर," असं कुणीतरी म्हणतंच. मग चार थेंब पडतात, गहूवाला शेतकरी खूश होतो. विक्षोभ पुढे सरकतो, आभाळ उघडतं, हिमालयाकडचा कोरडा वारा सुटतो आणि पुढच्या एक-दोन रात्रींत पारा झरझर उतरतो; कधी शेतात पाला पडून, म्हणजे दव गोठून, हरभरा काळा होतो. आधी फसवी ऊब आणि मागून थंड हवेची धडक, हाच तो क्रम. आपल्याकडे त्याची झळ पिकाला लागते. तोच विक्षोभ काश्मीर-हिमाचलवर असतो तेव्हा तिथे बर्फ कोसळत असतो. म्हणून डोंगरात अचानक हवा मऊ झाली, आभाळ भरलं, तर ती सुटकेची खूण समजू नये.

१८८८ मध्ये हवामानाचा अंदाज देण्याचं काम अमेरिकेत लष्कराच्या सिग्नल कोरकडे होतं. थंडीची लाट येतेय हा इशारा निघालाही होता. तो तारेने रेल्वे स्टेशनांपर्यंत जायचा, तिथे झेंडा लागायचा. माळरानावर मैलोन्‌मैल पसरलेल्या शेतघरांतून तो झेंडा कोणाला दिसणार? अंदाज बरोबर असणं आणि तो माणसाला कळणं यांच्यामध्ये ती मुलं गेली. पुढे १८९० च्या कायद्याने हे काम लष्कराकडून काढून कृषी खात्याखालच्या नागरी हवामान विभागाकडे दिलं गेलं.

वाऱ्याचं काम सोपं आहे. चहा बशीत ओतून फुंकर मारली की तो लवकर निवतो, कारण वर साचलेली गरम हवा आपण उडवून लावतो. अंगाभोवतीही अशीच एक पातळ उबदार हवा असते आणि वारा ती सतत पळवत राहतो. तापमान उणे १० अंश असेल आणि वारा ताशी ३० किलोमीटरचा, तर उघड्या कातडीला ते उणे २० सारखं लागतं. कपडे ओले असले तर विचारूच नका.

शरीराचं आतलं तापमान ३७ च्या आसपास असतं. ते ३५ च्या खाली गेलं की धोका सुरू. आधी जोरात हुडहुडी भरते. हे चांगलं लक्षण आहे, शरीर अजून लढतंय. मग बोटं ऐकेनाशी होतात, चेन लागत नाही, जीभ जड होते, पाय अडखळतात. आणि याच टप्प्यावर सगळ्यात वाईट गोष्ट घडते: विचार करायची ताकद जाते. माणूस हट्टी किंवा उदासीन होतो, "मी बराय, तुम्ही व्हा पुढे" म्हणतो, बसतो, झोपू पाहतो. ३२ च्या खाली जाता जाता कापणं थांबतं. सोबतच्यांना वाटतं, चला, थंडी कमी झाली. खरं तर शरीराने हात टेकलेले असतात. शेवटी शेवटी काही जण गरम होतंय म्हणून अंगावरचे कपडे काढतात. कातडीजवळच्या आकसलेल्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडल्याने तसं भासतं, असं डॉक्टर मानतात. अशा स्थितीत सापडलेल्या मृतांबद्दल उगाच भलतेसलते तर्क होतात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

या अवस्थेतल्या माणसाला चोळू नये, दारू तर मुळीच देऊ नये. दारूने ऊब वाटते ती आतली उष्णता बाहेर आल्यामुळे. ओले कपडे काढायचे, कोरडं घालायचं, आधी छाती-पोट उबदार करायचं. शुद्धीवर असेल, गिळता येत असेल तर गरम गोड पाणी किंवा चहा. पांढरी पडलेली, बधिर बोटं शेगडीवर धरायची नाहीत. संवेदना नसल्याने भाजलेलं कळत नाही.

ही झाली एका माणसाची गोष्ट. आख्ख्या समाजाचं काय होतं, ते वादळ कुठे आलं यावर ठरतं.

त्याच १८८८ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क ते बोस्टन हा अमेरिकेचा सगळ्यात श्रीमंत पट्टा हिमवादळाखाली सापडला. रविवारी पाऊस होता, रात्रीत त्याचा बर्फ झाला, सोमवारी सकाळी लोक सवयीने कामावर निघाले. नोकरी जाईल ही भीतीही होतीच. चारशेहून अधिक मेले, त्यांतले सुमारे दोनशे न्यूयॉर्क शहरात. रस्त्याच्या वरून धावणाऱ्या गाड्या अडकल्या, हजारो प्रवासी अधांतरी. तारायंत्राच्या तारा तुटून शहरं एकमेकांपासून तुटली. रॉस्को कॉंकलिंग हे नावाजलेले राजकारणी, माजी सिनेटर, वॉल स्ट्रीटवरच्या कचेरीतून पायी निघाले, युनियन स्क्वेअरला कोसळले आणि महिनाभराने वारले. पण श्रीमंत शहर धडा विकत घेऊ शकतं. तारा जमिनीखाली न्या असा कायदा आधीपासून कागदावर होता, तो आता खरोखर अमलात आला; १८८९ मध्ये खांब तोडायला सुरुवात झाली. जमिनीखालून रेल्वे न्यायच्या मागणीला जोर आला. बोस्टनची भुयारी गाडी १८९७ ला धावली, न्यूयॉर्कची १९०४ ला.

याच्या शेजारी इराण ठेवून पाहा. फेब्रुवारी १९७२. अनेक वर्षांच्या दुष्काळानंतर आठवडाभर हिमवादळ. काही भागांत तीन मीटर बर्फ, दक्षिणेत कुठे कुठे त्याच्या दुपटीहून जास्त. घरंच्या घरं, गावंच्या गावं पुरली गेली, काही गावांत एकही माणूस जिवंत सापडला नाही. मृतांचा आकडा सुमारे ४,०००. नोंदलेल्या इतिहासातलं हे सगळ्यात प्राणघातक हिमवादळ मानलं जातं. इथे लोक वाटेत नव्हते, घरात होते, आणि तरी गेले. निवारा म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत, हे त्यातून कळतं. आत जळण हवं, अन्न हवं, बाहेर कुणाला तरी आपण इथे आहोत हे माहीत हवं आणि त्यांना आपल्यापर्यंत पोहोचता यायला हवं. तसल्या भागात बर्फ उतरेपर्यंत रस्ताच नसतो.

२००८ च्या हिवाळ्यात अफगाणिस्तानात पारा उणे ३० पर्यंत गेला आणि ९०० हून अधिक माणसं मेली. कितीतरी मेंढपाळांचे हात-पाय कापावे लागले, लाखांनी जनावरं मेली. ज्या घराचं सगळं धन म्हणजे वीस मेंढ्या आणि एक गाय, त्या घराची पुढची वर्षं त्या रात्रीत ठरतात. मंगोलियात तर अशा हिवाळ्याला स्वतंत्र नावच आहे, झुद. २००९-१० च्या झुदमध्ये ८० लाख ते १ कोटी जनावरं मेली. कळप गेलेली कुटुंबं आपले गोल तंबू उचलून राजधानी उलानबातरच्या कडेला येऊन राहिली, आणि त्या वस्त्या आता शहराचाच भाग आहेत. मृतांच्या यादीत या लोकांची नावं येत नाहीत.

आणि आता आपलं अमरनाथ. ऑगस्ट १९९६. तेव्हा यात्रेला आजच्यासारखी कडक नोंदणी नव्हती, एका दिवशी किती जण चढणार याला खरी मर्यादा नव्हती. लाखाच्या वर यात्रेकरू वाटेवर असताना हवा बिघडली. आधी पाऊस, मग बर्फ, वारा. गुहा ३,८८८ मीटरवर आहे आणि पहलगामच्या वाटेने तर त्याहूनही उंच खिंड ओलांडून जावं लागतं. कुणी सुती धोतरात, कुणी साडी आणि एका शालीत, पायांत साध्या चपला. आधी भिजले, मग गारठले. तंबू होते ते पुरेनात. सुमारे २४० यात्रेकरू मेले. पुढे नितीश सेनगुप्ता समिती नेमली गेली. हवा अवचित बिघडली हे खरंच, पण त्या हवेत एवढी तयारी नसलेली गर्दी होती हेही तितकंच खरं, असं त्या चौकशीतून पुढे आलं. संख्येवर मर्यादा, नोंदणी, डॉक्टरचं प्रमाणपत्र हे सगळं त्यानंतरचं. २००० साली श्राइन बोर्डाचा कायदा झाला. आज १३ वर्षांखालच्यांना आणि ७० वर्षांवरच्यांना यात्रेची परवानगी मिळत नाही, तेव्हा आपल्या आजी-आजोबांना फार वाईट वाटतं. "देवाच्या दारी जायला वयाची अट कसली?" माझी आत्या हेच म्हणते, आणि तिचा राग मला कळतो. पण त्या अटीमागे २४० माणसं आहेत.

याच आत्याच्या लोकमान्य नगरातल्या घरी गेल्या उन्हाळ्यात तिच्या मुलाची अमरनाथची पिशवी भरणं चाललं होतं. शेव, परमल, राजगिऱ्याचे लाडू, कापराची पुडी, औषधांचा डबा, सगळं व्यवस्थित. कपड्यांत दोन जीन्स आणि चार सुती टी-शर्ट, वर एक जाड स्वेटर. "जीन्स मजबूत असते, फाटत नाही," तो म्हणाला. फाटत नाही, पण पाणी पिते, तासन्‌तास वाळत नाही आणि ओली झाली की अंगातली उष्णता शोषत राहते. डोंगरात सुती कपडा आतून घामाने आणि बाहेरून पावसाने भिजतो. आत वाळणारा सिंथेटिक किंवा लोकरीचा थर, मधे लोकर किंवा फ्लीस, आणि वर वारा-पाणी अडवणारं जाकीट व पँट. स्वेटरमधून वारा आरपार जातो, म्हणून वरचा थर सगळ्यांत महत्त्वाचा. सुक्या मोज्यांचे दोन जोड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वेगळे. जीन्स आत्यानेच काढून ठेवल्या.

गाडीने जाणाऱ्यांसाठी मरीचं उदाहरण आहे. पाकिस्तानातलं हे थंड हवेचं ठिकाण, आपल्या मनालीसारखंच. जानेवारी २०२२ मध्ये बर्फ बघायला हजारो गाड्या वर गेल्या, रस्ता बंद झाला, रात्रभर लोक गाड्यांत अडकले आणि किमान २२ जण गाडीतच मेले. हवामानाचा इशारा आधी दिलेला होता. काच बंद, इंजिन आणि हीटर चालू, आणि मागचा धुराचा पाइप बर्फात बुजलेला: त्यातून कार्बन मोनॉक्साइड आत साचतो. त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. सोलंग आणि अटल बोगद्याच्या दरम्यान अलीकडच्या हिवाळ्यांत आपल्या पर्यटकांच्या गाड्या तशाच अडकल्या आहेत, तिथे पोलिसांनी लोकांना बाहेर काढलं म्हणून निभावलं. अडकलात तर गाडी सोडून चालू लागू नका. धुराचा पाइप मोकळा करा, तासाला दहा मिनिटं इंजिन चालवा, ज्या बाजूने वारा येत नाही त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवा.

हे सगळं गरीब देशांपुरतंच आहे असंही नाही. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या बफेलो शहरात, जिथे बर्फाची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे, ३७ तास हिमवादळ चाललं आणि त्या परगण्यात ४७ जण मेले. रस्त्यावर गाड्या आणण्याची बंदी जाहीर झाली तेव्हा वादळ सुरू झालं होतं आणि लोक कामावर पोहोचले होते.

थोरोंग लाच्या माथ्यावर चहाचं एक छोटं दगडी घर आहे. वादळात तिथे माणसं दाटीवाटीने शिरली. काही जण तिथेच थांबले. काही जण आज खाली पोहोचायलाच हवं म्हणून निघाले, आणि मेलेल्यांत अशा निघालेल्यांचा भरणा होता. वाटेवरच्या एका खोलीची किंमत काय, हे आपल्या शहराला वेगळं सांगायला नको. अहिल्यादेवींनी बद्री-केदारपर्यंत धर्मशाळा बांधल्या त्या यासाठीच.

डोंगराचा अंदाज भारतीय हवामान खातं देतं, आणि हिमकडे कोसळण्याचा इशारा चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था देते; १९६९ मध्ये मनालीला सुरू झालेल्या प्रयोगशाळेतून ती उभी राहिली. दोन्ही फोनवर दिसतात. पण इशारा वाचून थांबता यायला हवं, आणि इंदूरहून जाणाऱ्या बहुतेक ग्रुपचं घोडं तिथेच अडतं. परतीचं रिझर्वेशन पक्कं, सुट्टी मोजकी, हॉटेलचे पैसे भरलेले; मग हवा कशीही असो, आज चढायचंच. तिकीट काढताना परतीच्या आधी दोन दिवस रिकामे ठेवा, आणि ग्रुपमधल्या एकाला निघायच्या आधीच सांगून ठेवा की तो थांबा म्हणाला की सगळे थांबतील, मग तो वयाने सगळ्यांत लहान का असेना.